दाढ काढली, दुखणं थांबलं. पण रिकाम्या जागेचं काय? पडलेल्या दातांमुळं काय बिघडतं आणि दात बसवायचे कोणते मार्ग आहेत

सोलापूर : जिल्ह्यात ज्वारीला दाणा भरला की शेतात हुरड्याच्या आगट्या पेटतात. पाहुणे येतात, शेंगाची चटणी, दही, गूळ समोर येतो. आणि त्याच घोळक्यात एखादी आजी किंवा आजोबा नुसता चहा घेऊन बाजूला बसलेले दिसतात. विचारलं तर "भूक नाही" म्हणतात. भूक असते, दात नसतात. ज्या मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या ज्वारीची कडक भाकरी खाऊन ज्यांनी जन्म काढला त्यांच्यावर शेवटी चहात बिस्कीट बुडवून खायची वेळ येते.

ही गोष्ट फक्त म्हाताऱ्यांची असती तर वयाचा दोष म्हणून सोडून देता आली असती. पण पस्तिशी-चाळिशीतल्या माणसाच्या दोन-तीन दाढा गेलेल्या आहेत, असं चित्र गावागावात आहे. दाढ ठणकायला लागली की आधी लवंग, मग मेडिकलमधून गोळी, मग मिसरी, आणि अगदी सहन होईना झालं की "काढून टाका एकदाची" म्हणून दवाखाना. दाढ निघते, दुखणं थांबतं, माणूस कामाला लागतो. रिकाम्या जागेकडं पुन्हा कुणी बघत नाही. खरा हिशेब मात्र तिथून सुरू होतो.

दात जातात कशानं

दात जायची मोठी कारणं दोन. एक कीड आणि दुसरं हिरड्यांचा आजार, ज्याला लोक पायोरिया म्हणतात. कीड लागलेला दात दुखतो तरी, त्यामुळं कळतं. हिरड्यांचा आजार मात्र न दुखता आत हाड खात राहतो. घासताना रक्त येणं, तोंडाला वास येणं, दात लांब झाल्यासारखे दिसणं, मग हलणं, अशा पायऱ्यांनी तो जातो. दात हलायला लागेपर्यंत आतलं बरंचसं हाड गेलेलं असतं.

साखरेचा आजार असलेल्यांना हा त्रास जास्त होतो. साखर वाढलेली राहिली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या सुजलेल्या राहिल्या की साखरही आटोक्यात यायला अडचण करते. दोन्ही एकमेकांना धरून चालतात. तंबाखू, गुटखा आणि मिसरीचं तर विचारायलाच नको. मिसरीनं दात घट्ट होतात हा समज बायकांमध्ये अजून आहे. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिनं हिरडी थोडी बधिर होते, म्हणून दुखणं कमी झाल्यासारखं वाटतं. आजार आत चालूच राहतो, वर सवय लागते ती वेगळी. तोंडाच्या कॅन्सरचा धोका तर तंबाखूइतकाच.

आणखी एक समज इथंच निकालात काढलेला बरा. वरची दाढ काढली की डोळ्याची नजर जाते, असं अनेक जण खात्रीनं सांगतात. दाताची नस वेगळी, नजरेची नस वेगळी. दाढ काढल्यानं डोळा अधू होत नाही. बहुतेक वेळा दात जाण्याचं आणि चष्मा लागण्याचं वय एकच असतं, एवढाच काय तो संबंध. उलट वरच्या दाढेत पू साठलेला तसाच ठेवला तर गालावर, डोळ्याखाली सूज चढते आणि तिथं धोका होऊ शकतो.

रिकाम्या जागेत काय घडतं

बांधावरचं झाड काढलं की त्याच्या मुळांनी धरलेली माती हळूहळू सुटते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. जबड्याचंही तसंच आहे. दाताच्या मुळावर चावण्याचा दाब पडतो, तो हाडाला पोचतो आणि त्या दाबामुळं हाड टिकून राहतं. दात गेला की त्या जागेचं हाड बिनकामाचं होतं आणि झिजायला लागतं. पहिल्या वर्षातच त्या जागेच्या हाडाची रुंदी जवळपास निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते, आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन-चार महिन्यांतच होते. पुढं वेग कमी होतो, पण झीज थांबत नाही. म्हणून "बघू पुढच्या वर्षी, ऊस गेल्यावर" असं म्हणत चार-पाच वर्षं काढली की पुढं दात बसवायला हाडच कमी पडतं.

दुसरी गोष्ट शेजारच्या दातांची. दात एकमेकांना टेकून उभे असतात. मधला एक गेला की मागची दाढ पुढं कलते. समोरच्या जबड्यातली जी दाढ त्या दातावर टेकायची तिला आता अडवायला कुणी नसतं, म्हणून ती हळूहळू बाहेर सरकते. खालची दाढ काढलेल्या माणसाची वरची दाढ काही वर्षांनी लोंबल्यासारखी खाली आलेली दिसते, ती यामुळंच. कललेल्या दातांच्या फटीत शेंगदाण्याचं कूट, भाजीचा धागा, मटणाचा तुकडा अडकतो. मग काडी, सेफ्टी पिन, जे हाताला येईल त्यानं कोरणं सुरू होतं. फटीत अन्न कुजून तिथल्या चांगल्या दाढेलाही कीड लागते. एक दाढ काढून सुटलेला माणूस पाच-सात वर्षांनी दुसऱ्या, तिसऱ्या दाढेसाठी परत त्याच खुर्चीत येतो.

दात गेलेल्या बाजूनं चावता येत नाही म्हणून सगळा भार दुसऱ्या बाजूवर पडतो. तिकडचे दात जास्त झिजतात. काहींचा जबडा कानाजवळ दुखायला लागतो.

जेवणावर होणारा परिणाम घरच्यांच्या लक्षात सगळ्यात उशिरा येतो. दात गेलेलं माणूस तक्रार करत नाही, ते ताटातनं एकेक पदार्थ गुपचूप कमी करतं. आधी ऊस आणि शेंगा जातात. मग काकडी, मुळा, कांदा, कच्ची गाजरं. मग मटकीची उसळ. मग भाकरीचा कडक पापुद्रा. शेवटी राहतं काय तर दूध-भाकरीचा काला, आमटी-भात, चहा-बिस्कीट. यात पोट भरतं, पण चोथा, प्रथिनं आणि जीवनसत्त्वं कमी पडतात. पोट साफ होत नाही, अंगातली ताकद जाते, वजन उतरतं. घरचे रक्त तपासतात, सोनोग्राफी करतात, टॉनिकच्या बाटल्या आणतात. तोंड उघडून आत किती दात राहिलेत ते बघायचं मात्र कुणाला सुचत नाही. साखरेचा आजार असलेल्या माणसाचं तर दुहेरी नुकसान. ज्वारीची भाकरी आणि भाजी चावत नाही म्हणून तो मैदा आणि साखरेच्या मऊ वस्तूंवर येतो, म्हणजे नेमक्या ज्या टाळायच्या त्यावरच.

बोलणंही बदलतं. त, थ, द, ध ही अक्षरं शाळेत 'दंत्य' म्हणून शिकवतात, कारण ती उच्चारताना जीभ दातांना लागते. पुढचे दात नसले की हवा निसटते आणि ही अक्षरं फुसफुसतात. भजनात पुढं बसणारा माणूस मागं बसायला लागतो. बाईमाणूस हसताना तोंडाला पदर लावते. ज्या तरुणाचा पुढचा दात गाडीवरून पडून गेला तो मुलगी बघायला जाताना ओठ मिटून बसतो. ह्या गोष्टी छोट्या वाटतात, ज्याच्यावर येतात त्याला त्या छोट्या नसतात. सगळेच दात गेले की ओठ आत जातात, नाक आणि हनुवटी जवळ येतात, तोंडाचं बोळकं होतं. पन्नाशीचं माणूस पासष्टीचं दिसतं.

काढण्याआधी एक प्रश्न

दाढ काढायला बसण्याआधी डॉक्टरांना एकच विचारायचं : "ही वाचवता येईल का?" रूट कॅनाल करून वर कॅप बसवली तर कीड लागलेली बरीच दाढी-दाढा वर्षानुवर्षं टिकतात. अडचण अशी की काढायला एक फेरी आणि थोडे पैसे लागतात. रूट कॅनालला दोन-तीन फेऱ्या, जास्त पैसे, आणि प्रत्येक फेरीला एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. हाजरीवर जाणाऱ्या माणसानं काढण्याचा मार्ग धरला तर त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण हिशेब पुढचाही करावा. आज काढलेली दाढ उद्या परत बसवायची म्हटलं तर रूट कॅनालइतका किंवा त्याहून जास्त खर्च येतो, आणि बसवलेली दाढ कितीही भारी असली तरी आपल्या मुळाची सर तिला येत नाही. लांबून येणाऱ्यांनी "फेऱ्या कमी करता येतील का" असं मोकळेपणानं विचारावं. एकाच बैठकीत रूट कॅनाल उरकणं पुष्कळ वेळा शक्य असतं.

आणि प्रत्येक गेलेला दात बसवलाच पाहिजे असंही नाही. अक्कलदाढ काढली तर तिच्या जागी काही बसवायची गरज नसते. सगळ्यात मागची एखादी दाढ गेली, समोरची दाढही नसेल आणि चावायला अडचण नसेल, तर डॉक्टर स्वतःच राहू द्या म्हणतात. पहिली मोठी दाढ मात्र महत्त्वाची. ही दाढ मुलांना सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागं येते. आधीचा कुठलाही दात न पडता ती येते, म्हणून आईवडील तिला दुधाचीच समजतात आणि "पडणारच आहे" म्हणून किडलेली सोडून देतात. ती पडायची नसते, जन्मभराची असते. गावातल्या बऱ्याच तरुणांची पहिली गेलेली दाढ हीच असते.

दुधाच्या दाढाही दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. त्यातली एखादी सात-आठव्या वर्षी काढावी लागली तर जागा धरून ठेवणारी छोटी तारेची कडी बसवून घ्यावी. नाहीतर मागचा दात पुढं सरकतो आणि खालून येणारा पक्का दात वाकडा येतो.

काढता-घालता येणारे दात

सगळ्यात कमी खर्चाचा मार्ग म्हणजे काढता-घालता येणारे दात. एक-दोन दात असोत की दहा, गुलाबी प्लास्टिकसारख्या अ‍ॅक्रिलिकच्या पट्टीवर दात बसवून देतात. शेजारच्या दातांना तारेच्या कड्या पकडतात. शेजारचे चांगले दात घासावे लागत नाहीत, ही यातली मोठी सोय. पुढं एखादा दात गेला तर त्याच पट्टीत पुष्कळदा नवीन जोडताही येतो. तोटा असा की ते थोडे हलतात, खाली अन्न जातं, आणि कड्या नीट नसतील तर शेजारच्या दाताला त्रास होतो. धातूच्या पातळ सांगाड्यावर केलेले दात जास्त मजबूत आणि कमी जाड असतात, पण महाग पडतात. लवचिक, वाकणाऱ्या पट्टीचेही मिळतात. ते दिसायला चांगले, तुटायला कठीण, पण बिघडले तर दुरुस्त करणं अवघड.

एक खबरदारी इथंच. एका दाताची छोटी पट्टी, तीही सैल झालेली, तोंडात ठेवून झोपू नये. झोपेत, फिट आली असताना किंवा दारूच्या नशेत ती गिळली जाऊ शकते, श्वासनलिकेत अडकू शकते. असे पेशंट मोठ्या दवाखान्यात येतात.

तोंडात एकही दात नसेल तर पूर्ण कवळी. कवळीला बरीच मंडळी घाबरतात, कारण शेजारच्या कुणाची तरी कवळी बसली नाही म्हणून डब्यात पडून असते. ती का बसत नाही हे समजून घेतलं तर भीती कमी होईल. वरची कवळी टाळूवर पसरलेली असते, थुंकीच्या पातळ थरामुळं ती चिकटून राहते. खालच्या कवळीला टाळू नसते, मध्ये जीभ सतत हलते, आणि खालच्या जबड्याचं हाड वरच्यापेक्षा बरंच लवकर झिजतं. म्हणून खालची कवळी ही सगळ्यांनाच थोडी सैल वाटते. दात जाऊन दहा वर्षं झाल्यावर केलेली कवळी आणि वर्षाच्या आत केलेली कवळी यात फरक पडतो तो याच हाडामुळं.

चांगली कवळी एका फेरीत होत नाही. दात काढल्यावर जखम भरायला साधारण दोन-तीन महिने द्यावे लागतात. मग एकदा माप, दुसऱ्यांदा बारीक माप, मग मेणाच्या पट्ट्या घालून वरचा-खालचा जबडा कसा मिटतो याची नोंद, मग मेणात बसवलेले दात तोंडात घालून बघणं, आणि शेवटी कवळी. म्हणजे चार-पाच फेऱ्या. मेणातले दात घालून बघायच्या दिवशी घरचं एखादं माणूस सोबत न्यावं. दात लांब वाटतायत का, रंग जास्तच पांढरा वाटतोय का, हे तेव्हाच सांगायचं. नंतर बदल होत नाही.

कवळी मिळाली म्हणजे काम संपलं असं नाही. पहिले काही दिवस तोंडात लाळ सुटते, उमळल्यासारखं होतं, बोलताना शब्द अडखळतात. रोज हरिपाठ किंवा पेपर मोठ्यानं वाचला की जीभ वळणावर येते. सुरुवात दहीभात, मऊ खिचडी, आमटीत कुस्करलेल्या भाकरीनं करायची. घास छोटा घ्यायचा आणि दोन्ही बाजूंनी बरोबरच चावायचा. पुढच्या दातांनी तोडायला गेलं की कवळी मागून सुटते. कवळीनं नैसर्गिक दातांच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपासच जोर लागतो, हे आधीच मनाशी धरावं. भाकरी, भाजी, उसळ, मऊ शिजलेलं मटण जमतं. ऊस सोलणं आणि सुपारी फोडणं विसरायचं.

कुठं टोचलं, फोड आला तर कवळी डब्यात न ठेवता डॉक्टरांकडं न्यायची. घरी कानशीनं किंवा ब्लेडनं घासायची नाही. तुटली तर फेविक्विक लावायचं नाही. तुकडे जपून नेले तर डॉक्टर ते नीट जोडून देतात. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवायची, हिरड्यांना विश्रांती मिळते. उकळतं पाणी घातलं तर तिचा आकार वाकडा होतो. धुताना खाली पाण्यानं भरलेली घमेली किंवा टॉवेल ठेवावा, हातातून निसटून मोरीच्या फरशीवर पडून फुटलेल्या कवळ्या कमी नाहीत. घासायला मऊ ब्रश आणि साधा साबण चालतो. टूथपेस्टनं तिच्यावर बारीक ओरखडे पडतात आणि त्यात घाण बसते. न धुता रात्रंदिवस घातली की टाळू लाल होऊन बुरशी धरते.

पाच-सात वर्षांनी कवळी सैल होते, कारण ती तशीच राहते आणि खालचं हाड बदलतं. तेव्हा आतून नवा थर भरून घ्यावा किंवा नवी करावी. सैल कवळी वर्षानुवर्षं घासत राहिली आणि एकाच जागी फोड दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर तो तपासून घेतलाच पाहिजे. तंबाखू खाणाऱ्यानं तर एक दिवसही पुढं ढकलू नये.

पक्के दात : ब्रिज

ज्यांना काढघाल नको असते ते पक्का दात मागतात. त्यातला जुना मार्ग ब्रिजचा. गेलेल्या दाताच्या दोन्ही बाजूंचे दात चारी अंगांनी घासून बारीक करतात, त्यांच्यावर कॅप बसवतात आणि मधला खोटा दात त्या दोन कॅपना जोडलेला असतो. दोन खांबांवर टाकलेला पूलच तो. काही दिवसांत काम होतं, चावायला चांगला जोर मिळतो, दिसतोही आपल्यासारखा. किंमत मात्र शेजारच्या दोन चांगल्या दातांनी मोजायची असते. एकदा घासलेला दात परत पूर्वीसारखा होत नाही. शिवाय खांब मजबूत पाहिजेत. हिरड्यांच्या आजारानं हलणाऱ्या दातांवर पूल टाकला तर खांबासकट जातो. मधल्या दाताखाली हाड झिजत राहतं ते राहतंच. खोट्या दाताखालून दोरा घालून रोज साफ करावं लागतं, ते केलं नाही तर कॅपच्या आत कीड लागते आणि वरून काही दिसत नाही.

ज्याच्या शेजारच्या दातांना आधीच रूट कॅनाल झालंय किंवा कॅप लागणारच आहे, त्याला ब्रिज सोयीचा. ज्याचे शेजारचे दोन्ही दात ठणठणीत आहेत त्यानं घासून घेण्याआधी दोनदा विचार करावा.

इम्प्लांट म्हणजे नेमकं काय

इम्प्लांटच्या जाहिराती आता तालुक्याच्या स्टँडवरही दिसतात. हा टायटॅनियम धातूचा स्क्रू असतो. तो जबड्याच्या हाडात बसवतात, हाड त्याला घट्ट धरतं, मग वर दात चढवतात. म्हणजे नुसता दात नाही, मूळसुद्धा नवीन. स्वीडनचे डॉक्टर ब्रॅनमार्क 1950 च्या दशकात सशाच्या हाडावर वेगळाच अभ्यास करत होते. हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काढायला गेले तर ते हाडाला असं चिकटलेलं की निघेना. त्यातून ही कल्पना आली आणि 1965 मध्ये त्यांनी पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवून दात दिले.

शेजारच्या दातांना हात लागत नाही, हाडाची झीज बरीच रोखली जाते, चावायला जोर मिळतो, त्यामुळं जमत असेल तर हा मार्ग सगळ्यात चांगला. पण हाड स्क्रूला धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, आणि खर्च मोठा. एका दातालाच वीस-पंचवीस हजार किंवा त्याहून जास्त सांगतात. दर दवाखान्यागणिक आणि कंपनीगणिक बदलतात. हाड कमी असेल तर आधी हाड भरावं लागतं, त्याचे पैसे आणि महिने वेगळे. साखर आटोक्यात नसेल तर जखम भरत नाही, म्हणून आधी साखर खाली आणायची. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे इम्प्लांट फेल जाण्याचं प्रमाण जास्त आहे. आणि इम्प्लांटला कीड लागत नसली तरी घासलं नाही तर त्याच्याभोवतीची हिरडी सुजते, हाड जातं आणि एवढा महाग स्क्रू हलायला लागतो.

"तीन दिवसांत पक्के दात" अशीही जाहिरात असते. काही पेशंटना हाड चांगलं असेल तर लवकर दात देता येतात, हे खरं. पण सगळ्यांना ते जमत नाही आणि स्कॅन बघितल्याशिवाय कुणी तसं वचन देत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्यावं.

एक मधला मार्ग आहे, त्याची माहिती लोकांना फार कमी असते. खालची कवळी ज्यांना बसतच नाही त्यांच्या खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला फक्त दोन इम्प्लांट बसवायचे आणि कवळीला आतून तशीच बटणं लावायची. शर्टाच्या टिचबटणासारखी कवळी टक्कन बसते आणि हलत नाही. रात्री काढून धुता येते. 2002 साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी, एकही दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी पहिला पर्याय हाच असावा, असं मत दिलं होतं. सगळे दात इम्प्लांटवर करायला लाखांत जाणारा खर्च दोन इम्प्लांटवर पुष्कळ कमी होतो.

बाजारातला दात

आठवडी बाजारात, जत्रेत, स्टँडच्या कडेला सतरंजी टाकून दात बसवून देणारे बसतात. दहा मिनिटांत दात, तोही काही शे रुपयांत. माणूस भुलतो, कारण दवाखान्यात महिना लागतो. हे लोक पावडर आणि द्रव कालवून त्याचा गोळा थेट तोंडातच दाबतात, तो तिथंच तापून कडक होतो, आणि मग तारेनं शेजारच्या दातांना बांधून टाकतात. त्या गोळ्यानं हिरडी भाजते. तो काढता येत नाही, खालचं साफ करता येत नाही, आत अन्न सडतं. ज्या दोन दातांना तार बांधली ते वर्ष-दोन वर्षांत किडतात किंवा हलतात. एका दातासाठी गेलेला माणूस तीन दात घालवून येतो. अवजारं एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जातात, त्यातून कावीळ बी किंवा एचआयव्हीसारखे आजार पसरू शकतात. कायद्यानुसार नोंदणी नसलेल्यानं असा धंदा करणं गुन्हाच आहे.

डॉक्टर खरा आहे का हे बघायला लाजायचं कारण नाही. बीडीएस किंवा एमडीएस ही पदवी आणि राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला असतो. कवळी, ब्रिज यातच वेगळं शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांना प्रोस्थोडॉन्टिस्ट म्हणतात. अवघड केस असेल तर त्यांचा शोध घ्यावा.

कमी पैशात कुठं जायचं

जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयात, तसंच अनेक ग्रामीण रुग्णालयांत दातांचे डॉक्टर असतात. दात काढणं, भरणं, सफाई तिथं होते. कवळीची सोय सगळीकडं नसते, म्हणून आधी चौकशी करूनच जावं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, तिथं कवळीपासून पुढचं काम खासगीपेक्षा फार कमी दरात होतं. खासगी दंत महाविद्यालयांतही शिकाऊ डॉक्टर सरांच्या देखरेखीखाली काम करतात, तिथले दर दवाखान्यापेक्षा कमी असतात. वेळ जास्त जातो, फेऱ्या वाढतात, एवढं धरून चालावं.

साठ वर्षांपुढच्या गरीब ज्येष्ठांसाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना 2017 पासून आहे. काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्या यादीत कृत्रिम दातही आहेत, हे फार थोड्यांना माहीत असतं. शिबिरात लोक काठी आणि खुर्ची घेऊन येतात, दातांचं कुणी विचारत नाही. जिल्ह्यात तपासणी शिबिर लागलं की आधार कार्ड आणि दारिद्र्यरेषेचा किंवा उत्पन्नाचा दाखला घेऊन जावं आणि कवळीची नोंद करून घ्यावी. शिबिर कधी आहे ते समाजकल्याण कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत विचारता येईल.

दवाखान्यात जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्यावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हाडं ठिसूळ झाल्यावर देतात ती इंजेक्शनं, साखर आणि बीपीच्या गोळ्या, सगळं सांगावं. दात काढायचाय म्हणून रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही.

दात पडला तर दूध शोधा

गाडीवरून पडून, कबड्डीत किंवा जनावरानं डोकं उडवल्यानं अख्खा दात मुळासकट बाहेर आला, तर तो परत लागू शकतो. हे बहुतेकांना माहीतच नसल्यानं दात तिथंच मातीत राहतो. दात उचलताना वरच्या पांढऱ्या भागाला धरायचं, मुळाला बोट लावायचं नाही. माती लागली असेल तर थोड्या पाण्यानं हलकं धुवायचं, घासायचं नाही. जमलं तर त्याच जागेत परत बसवून रुमाल दाताखाली धरायचा. ते जमलं नाही तर वाटीभर थंड दुधात टाकून अर्ध्या-पाऊण तासाच्या आत दातांच्या डॉक्टरांकडं पोचायचं. साध्या पाण्यात किंवा कोरड्या कागदात गुंडाळून नेलेला दात सहसा लागत नाही. मात्र हे पक्क्या दाताचं झालं. लहान मुलाचा दुधाचा दात पडला तर तो परत खोचायचा नाही, त्यानं खालच्या पक्क्या दाताला इजा होते.